पट, हजेरी आणि वस्ती : वेळापूर-माळशिरस भागातील गावशाळांच्या मोजमापाचा इतिहास

१

खेड्यातील शाळेविषयी चौकशी केली असता उत्तर प्रथम आकड्यांत मिळते. पट किती, हजेरी किती, निकाल किती टक्के, या तीन प्रश्नांत शाळेची सारी परीक्षा आटोपते. हे शब्द आता इतके रुळले आहेत की, त्यांच्या मागे निरनिराळ्या व्यवहारांचा इतिहास उभा आहे याची जाणीव सहसा राहत नाही. ‘हजेरी’ हा अरबी ‘हाजिर’वरून आलेला शब्द, शाळेइतकाच तो फौजेचा आणि कचेरीचा. ‘निकाल’ न्यायालयातही लागतो आणि शाळेतही लागतो. दोन्ही ठिकाणी त्यात निर्णयाचा आणि शेवटाचा भाव आहे. ‘इयत्ता’ हा संस्कृत शब्द. ‘इयत्’ म्हणजे ‘एवढे’, तेव्हा ‘इयत्ता’ म्हणजे ‘एवढेपणा’, परिमाण. मूल चौथ्या इयत्तेत आहे असे म्हणताना त्याने विद्येचे चौथे माप हाती घेतले आहे, एवढेच वस्तुतः सांगितले जाते. राहिला ‘पट’. पट म्हणजे नावांची यादी. यादीत नाव असणे आणि वर्गात मूल असणे या दोन भिन्न गोष्टी होत, आणि गावात मूल असणे ही आणखी तिसरी गोष्ट होय. ग्रामीण शिक्षणाच्या इतिहासातील पुष्कळसा गोंधळ या तीन गोष्टी एक मानल्यामुळे झालेला आहे.

प्रस्तुत लेखात सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर आणि भोवतालचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवून या मोजमापाचा विचार केला आहे. या भागातील सार्वजनिक शाळांचा दीड शतकाहून अधिक काळ पाहिला असता असे दिसते की, शाळेची कामगिरी म्हणून जे आकडे नोंदले गेले ते पुष्कळ अंशी वस्तीचेच आकडे आहेत. पाऊस, कालवा, ऊस, स्थलांतर, जातिनिर्बंध, मुलींचे विवाह आणि अलीकडे घटता जन्मदर, यांचा लेखाजोखा शाळेच्या पटावर उमटत आला. आणि तो वाचणाऱ्यांनी मात्र त्याला शाळेचे यश वा अपयश असे नाव दिले. वीसांहून कमी पटाच्या शाळा चालवाव्यात की मोठ्या शाळेत मिळवाव्यात, हा प्रश्न महाराष्ट्रात ऐरणीवर असताना या इतिहासाची उजळणी निरर्थक ठरू नये.

२

वेळापूर हे आळंदीहून पंढरीस जाणाऱ्या श्रीज्ञानेश्वरांच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव. माळशिरसनंतर वेळापूर आणि वेळापूरनंतर भंडीशेगाव, असा हा क्रम आहे. येथील अर्धनारीनटेश्वराचे मंदिर प्रसिद्ध असून देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या काळातील, इसवी सन १३०० च्या सुमाराचे मराठी शिलालेख या गावी आहेत. मराठी भाषेच्या अभ्यासकांना वेळापूरचे नाव परिचित आहे ते या लेखांमुळे. सार्वजनिक शाळेचा प्रश्न निघाला म्हणजे या लेखांचे स्मरण एका कारणासाठी करावेसे वाटते. गावात अक्षर होते. सरकारी शाळेच्या साडेपाचशे वर्षे आधीपासून ते दगडावर कोरलेले होते. परंतु गावात अक्षर असणे म्हणजे गाव साक्षर असणे नव्हे. लिहिणे हे काही घराण्यांचे काम होते, आणि ते त्यांच्या वृत्तीचा भाग म्हणून पिढ्यान्पिढ्या चालत आले.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत, मुंबई इलाख्यातील देशी शाळांची जी माहिती जमविण्यात आली तिच्यावरून जुन्या गावशाळेचे स्वरूप स्पष्ट होते. रा. वि. परुळेकरांनी हे कागद पुढे संपादून अभ्यासकांस उपलब्ध करून दिले. पंतोजीची शाळा देवळात, ओसरीवर किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या वाड्यात भरे. धुळाक्षरे, मोडी लेखन, उजळणी, पावकी-निमकीपासूनचे अपूर्णांकांचे पाढे आणि हिशेब हा तिचा अभ्यासक्रम. विद्यार्थी बहुधा ब्राह्मण, व्यापारी आणि थोड्या सुस्थित कुणबी घरांतील मुलगे. मुली नाहीत आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलेही नाहीत. या शाळेत इयत्ता नव्हत्या. प्रत्येक मुलगा आपापल्या गतीने शिके आणि घरच्या कामापुरता हिशेब आला म्हणजे शाळेतून निघून जाई. त्या काळच्या दृष्टीने ती गळती नव्हे. शिक्षण पुरे झाल्याची ती खूण होती. मोजमाप शाळेकडे नव्हते, घराकडे होते. मुलगा किती शिकला याचा निर्णय त्याचा बाप दुकानाच्या वहीवरून किंवा खतावणीवरून करीत असे.

३

इसवी सन १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, १८५५ साली, मुंबई इलाख्यात सार्वजनिक शिक्षणाचे स्वतंत्र खाते निघाले आणि मोजमाप घराकडून सरकारकडे गेले. १८६३ पासून जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा स्थानिक कर बसविण्यात आला आणि त्याच्या उत्पन्नाचा एक-तृतीयांश भाग शाळांकडे लावण्यात आला. ही घटना फार महत्त्वाची आहे. गावशाळेचा खर्च यापुढे जमीन कसणारा देणार होता, मग त्याचा मुलगा शाळेत जावो की न जावो. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले त्याचा गाभा हाच होता. रयतेच्या करातून निर्माण झालेला पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हे दाखवून प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे आणि शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करावेत, अशी मागणी त्यांनी केली. कर भरणाऱ्यांची वस्ती एक आणि पटावर नावे असणाऱ्यांची वस्ती दुसरी, हे अंतर त्यांनी नेमके ओळखले होते.

सरकारी तत्त्व आणि गावचा आचार यांतील अंतरही याच काळात उघड झाले. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. पुढे १८५८ मध्ये सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या आहेत, असे तत्त्व कंपनीच्या संचालकांनी घालून दिले. तत्त्व ठरले तरी ओसरीवर बसणे किंवा न बसणे गावच ठरवीत राहिले. देवळात भरणाऱ्या शाळेला तर हा निर्बंध आपोआपच लागू होई. ज्याला देवळाची पायरी बंद त्याला शाळाही बंद. सोलापुरात १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले, त्याची आवश्यकता या पार्श्वभूमीवर ध्यानी येते. गावात ज्याला जागा नव्हती त्याच्या शिक्षणासाठी प्रथम राहण्याची जागा निर्माण करणे भाग होते.

खाते निघाल्यावर शाळेला इयत्ता आल्या, परीक्षा आल्या आणि तपासनीसाची फेरी आली. अनुदानाच्या शाळांच्या बाबतीत परीक्षेच्या निकालावर पैसे देण्याची पद्धत मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ होती. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०४ च्या सरकारी ठरावाने, ती मागे टाकण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. परंतु एक संस्कार कायमचा राहिला. शाळेचे मोल तिच्यातून बाहेर पडणाऱ्या संख्येत आहे, अशी ती समजूत होय.

ही संख्या किती परावलंबी असते, हे सोलापूर जिल्ह्याने लवकरच अनुभवले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हा जिल्हा दख्खनमधील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी होता. १८७२ साली सात लाखांहून अधिक असलेली त्याची लोकसंख्या १८८१ च्या शिरगणतीत ५,८२,४८७ भरली. मृत्यू आणि देशांतर यांनी गावेच्या गावे ओस पडली. पुढे वस्ती पुन्हा वाढली, परंतु १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी व प्लेगने तिला पुन्हा ओहोटी लावली. १९०१ साली ती ७,२०,९७७ होती. म्हणजे तीस वर्षांत जिल्ह्याच्या लोकसंख्येत म्हणण्यासारखी वाढच झाली नाही. अशा काळात एखाद्या शाळेचा पट निम्म्यावर आला तर त्याचे कारण मास्तरात शोधावयाचे की मृगाच्या पावसात, याचे उत्तर वेगळे देण्याची गरज नाही.

शिरगणतीच्या व्याख्याही या काळात बदलत होत्या. १८८१ आणि १८९१ च्या गणनांत माणसांचे तीन वर्ग केले होते : शिकत असलेले, शिकलेले आणि न शिकलेले. शाळेत जाणाऱ्या मुलाला यांत स्वतःची जागा होती. १९०१ पासून हा मधला वर्ग काढून टाकण्यात आला आणि साक्षर व निरक्षर एवढेच दोन वर्ग उरले. १९११ साली तर मित्रास पत्र लिहिता येणे आणि त्याचे उत्तर वाचता येणे ही साक्षरतेची कसोटी ठरविण्यात आली. एका गणनेतील टक्केवारी दुसरीशी ताडून पाहताना प्रश्नच बदललेला आहे, ही गोष्ट नजरेआड होऊन चालत नाही. स्वातंत्र्योत्तर काळातही असाच एक बदल झाला. १९९१ पासून साक्षरतेचे प्रमाण सात वर्षांवरील लोकसंख्येवर काढले जाते. तत्पूर्वी ते निराळ्या पायावर काढले जात असे.

४

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात माळशिरस तालुक्याचे रूप पालटले, ते शाळेमुळे नव्हे, पाण्यामुळे. भाटघरचे धरण १९२० नंतरच्या दशकात पुरे झाले आणि नीरेच्या उजव्या कालव्याने या अवर्षणग्रस्त तालुक्याच्या मोठ्या भागात पाणी खेळविले. सासवडकडील माळी शेतकऱ्यांनी येथे जमिनी घेऊन उसाची शेती केली आणि १९३० नंतरच्या दशकात माळीनगरचा साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्यांनी स्वतः उभारलेल्या कारखान्यांच्या इतिहासात त्याला अग्रस्थान आहे. त्याच दशकात श्रीपूर येथेही साखर कारखाना निघाला. पुढे सहकारी कारखानदारी आली आणि अकलूज हे तालुक्याचे आर्थिक केंद्र बनले.

वस्तीच्या दृष्टीने याचे तीन परिणाम झाले. पहिला असा की, बाहेरून माणसे आली : बागाईतदार, कारखान्याचे कामगार आणि हंगामी मजूर. दुसरा असा की, गावठाणातील कुटुंबे पाण्याच्या मागे रानात गेली आणि मळ्यांतून व माळांवरून वस्त्या पसरल्या. आडनावांनी ओळखल्या जाणाऱ्या वाड्या-वस्त्या आजही या भागाचे वैशिष्ट्य आहे. तिसरा असा की, तालुक्यात दोन मुलूख निर्माण झाले. कालव्याखालची बागाईत गावे एका बाजूस आणि जिराईत व मेंढपाळांची गावे दुसऱ्या बाजूस. एकाच तालुक्याच्या एकाच शिक्षणव्यवस्थेत यापुढे दोन भिन्न लोकजीवने नोंदली जाऊ लागली, परंतु नोंदवही मात्र एकच राहिली.

शाळांची सत्ताही याच सुमारास हस्तांतरित झाली. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या शाळा-मंडळांकडे गेल्या. सक्तीची कल्पना नवी नव्हती. बडोदे संस्थानात सयाजीरावांनी १९०६ साली आणि करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली ती अमलात आणली होती. गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मात्र १९१२ साली केंद्रीय विधिमंडळात फेटाळले गेले होते. १९२३ च्या कायद्याने सक्ती करण्याचा मार्ग खुला केला. परंतु पैसा अपुरा असल्यामुळे तो मार्ग बहुधा कागदावरच राहिला.

१९२९ साली हार्टोग समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि ग्रामीण शाळांच्या चर्चेला दोन नवे पारिभाषिक शब्द मिळाले. मूल मध्येच शाळा सोडते, ती गळती. आणि नापास होऊन त्याच इयत्तेत राहते, ते स्थगन. समितीचा निष्कर्ष असा होता की, शाळांची संख्या वाढविण्यापेक्षा असलेल्या शाळा सुधाराव्यात आणि निरुपयोगी शाळा कमी कराव्यात. परुळेकरांनी हा दृष्टिकोन मान्य केला नाही. ज्या देशात बहुसंख्य मुलांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही तेथे गुणवत्तेच्या नावाखाली विस्तार रोखणे म्हणजे वंचितांनाच दंड करणे होय, अशी त्यांची भूमिका होती. विस्तार की दृढीकरण, हा वाद येथे प्रथम स्पष्टपणे मांडला गेला. आज लहान शाळा मिळविण्याच्या चर्चेत जे युक्तिवाद ऐकू येतात त्यांचे पूर्वज याच वादात सापडतात.

‘गळती’ या शब्दाचा येथे थोडा विचार केला पाहिजे. ‘गळणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. पान गळते, पाणी गळते. त्यात कोणी काही करीत नाही. ‘मुले गळतात’ असे म्हटले म्हणजे कर्त्याचा प्रश्न मिटतो. दोष भांड्याला, म्हणजे शाळेला, किंवा खुद्द मुलाला लागतो. गावची बोली मात्र निराळे बोलते. तेथे ‘पोराला शाळेतून काढला’, ‘पोरीची शाळा बंद केली’ असे म्हणतात. ही क्रियापदे सकर्मक आहेत. कोणीतरी काढला आहे आणि काढण्याला कारण आहे : गुरे राखावयाची आहेत, धाकटे भावंड सांभाळावयाचे आहे, मेंढरांच्या मागे जावयाचे आहे, मुलीचे लग्न ठरले आहे. खात्याच्या परिभाषेत जो कर्ता लोपला तो बोलीने जपून ठेवला. शाळेच्या जनरल रजिस्टरात शाळा सोडल्याच्या कारणाचा एक रकाना असतो. ‘परगावी गेल्यामुळे’, ‘पालकाच्या अर्जावरून’, ‘सतत गैरहजर’ अशी दोन-तीन ठरावीक वाक्येच त्यात फिरून फिरून येतात. या भागाचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्यास त्या ठरावीक वाक्यांआडचा कर्ता शोधून काढावा लागेल.

५

स्वातंत्र्य येताच मुंबई राज्याने १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा केला आणि एक हजार व त्याहून अधिक वस्तीच्या गावांपासून सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची योजना हाती घेतली. येथे वस्ती आणि शाळा यांचा संबंध प्रथमच कायद्याच्या भाषेत आला. परंतु एक हजार हा आकडा गावठाणाला अनुलक्षून होता. रानात विखुरलेल्या वस्त्यांचे काय, हा प्रश्न शिल्लकच राहिला. लहान गावांतून एकशिक्षकी शाळा निघाल्या आणि ग्रामीण महाराष्ट्रातील पहिल्या पिढीच्या अक्षरओळखीचा मोठा भार त्यांनी उचलला.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. तेव्हापासून वेळापूर भागातील सार्वजनिक प्राथमिक शाळा सोलापूर जिल्हा परिषदेच्या आणि प्रशासनाच्या सोयीसाठी माळशिरस पंचायत समितीच्या कक्षेत आहेत. १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन झाले आणि राज्यभर एक पुस्तक आले. याचा लाभ मोठा होता; तथापि भाषेच्या दृष्टीने एक नवी पातळी निर्माण झाली, याचीही नोंद केली पाहिजे. या पट्ट्यातील धनगर व शेतकरी घरांतील बोली प्रमाण मराठीपासून दूर नाही. परंतु कैकाडी, वडार व पारधी समाजांच्या घरांत तमिळ, तेलुगू व गुजराती यांच्याशी नाते सांगणाऱ्या बोली बोलल्या जातात. अशा घरातील मूल पहिलीत येते तेव्हा वाचन आणि भाषा या दोन गोष्टी त्याला एकदम शिकाव्या लागतात. वर्षाअखेरीच्या निकालात मात्र त्याचा हा दुहेरी श्रम कोठेही दिसत नाही.

१९७२ च्या दुष्काळाने या व्यवस्थेची कसोटी पाहिली. सोलापूर जिल्ह्यातील हजारो कुटुंबे रोजगाराच्या कामांवर होती आणि खडी फोडणाऱ्या आईबापांबरोबर मुलेही कामाच्या ठिकाणी असत. मागील शतकातील दुष्काळाशी तुलना करता मात्र एक फरक ठळकपणे दिसतो. या वेळी माणसे मोठ्या प्रमाणावर मृत्युमुखी पडली नाहीत, गावे ओस पडली नाहीत, आणि पाऊस पडल्यावर शाळा पुन्हा भरल्या. शाळा टिकते ती वस्ती टिकली तर, हा धडा येथे उलट्या बाजूने मिळतो.

६

गेल्या तीन दशकांत मोजमापाची साधने अनेक पटींनी वाढली. १९९५ साली शालेय पोषण आहाराची योजना आली, आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजविलेले अन्न शाळेत मिळू लागले. रानातल्या वस्त्यांचा जुना प्रश्न २००० च्या सुमारास वस्तीशाळांच्या योजनेने हाती घेतला आणि त्या शाळा पुढे नियमित प्राथमिक शाळांत रूपांतरित झाल्या. १ एप्रिल २०१० पासून बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ठरले. मुलाने शाळेकडे जावे, हा जुना क्रम उलटून शाळेने वस्तीकडे जावे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले.

परंतु पटाची सत्ता कमी झाली नाही. शिक्षकांची पदे, आहाराचे धान्य आणि अनुदान ही सर्व पटावर अवलंबून असल्यामुळे पट फुगविण्याचा मोह निर्माण झाला. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर झालेल्या पटपडताळणीत सुमारे वीस लाख नावे अशी निघाली की, त्यांची मुले वर्गात सापडली नाहीत. या घटनेचा अर्थ केवळ अप्रामाणिकपणा असा करून भागत नाही. ज्या संख्येवर संस्थेचे अस्तित्व टांगलेले असते ती संख्या खरी राहणे कठीण, हा सर्वत्र अनुभवास येणारा नियम आहे. निकालावर अनुदान देण्याच्या जुन्या पद्धतीनेही तो शिकविला होता.

वस्ती स्वतःही बदलत होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील एकूण जननदर २००५-०६ मध्ये २.१ होता, तो २०१९-२१ च्या पाहणीत १.७ झाला. जेथे पूर्वी चार भावंडे शाळेत येत तेथे आता दोन येतात. त्यांतून काही अकलूज, पंढरपूर, पुणे इकडे कुटुंबासह जातात आणि काही इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांच्या गाड्यांतून जातात. म्हणजे एखाद्या वस्तीवरील शाळेचा पट चाळीसवरून अठरावर आला, तर त्यात जन्मदराचा भाग किती, स्थलांतराचा किती, माध्यमाच्या ओढीचा किती आणि खुद्द शाळेच्या दुर्बलतेचा किती, हे वेगळे केल्यावाचून त्या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. प्रशासनाच्या निर्णयात मात्र हे चारही भाग एकाच अठरा या आकड्यात बुडून जातात.

ऊसतोडीचा हंगाम ही या भागातील दुसरी मोठी गोष्ट. शाळेचे वर्ष जूनपासून एप्रिल-मेपर्यंत. तोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. बीड, अहिल्यानगर आणि सोलापूर-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यांतून टोळ्या कारखान्यांच्या परिसरात उतरतात. त्यांच्याबरोबरचे मूल गावच्या पटावर असते, हजेरीत नसते. आणि माळशिरसच्या फडात असते, पण येथील पटावर नसते. त्याच्यासाठी साखरशाळा निघाल्या, शिक्षण हमी पत्रके निघाली आणि जवळच्या नियमित शाळेत त्याला बसविण्याचे आदेशही झाले. यांपैकी कोणत्याही उपायाने एक मूलभूत अडचण दूर झालेली नाही : पट स्थिर वस्ती गृहीत धरतो आणि हे मूल चालत्या वस्तीचे आहे. माळशिरस, सांगोला, माण, फलटण या पट्ट्यातील मेंढपाळांच्या मुलांची स्थितीही तशीच आहे. उसाने ज्या तालुक्याच्या स्थायिकांची शाळा भरविली त्याच उसाने दुसऱ्यांच्या मुलांची शाळा रिकामी केली, हा या अर्थव्यवस्थेचा अंतर्विरोध होय.

मुलींच्या बाबतीत चौथीपर्यंतचे अंतर आता फारसे उरलेले नाही. खरा प्रश्न शाळा दुसऱ्या गावी लागते तेथून सुरू होतो. त्यासाठीच अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा मोफत पास देण्यात आला. तरीही २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. वस्तीवरची शाळा बंद होऊन दोन-तीन किलोमीटरवरच्या शाळेत जावे लागले तर पहिला फटका कोणाला बसेल, याचे उत्तर या आकड्यात आहे.

७

२०१७ च्या अखेरीस राज्यातील दहाहून कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२२-२३ च्या सुमारास वीसांहून कमी पटाच्या शाळांची संख्या चौदा हजारांच्या वर नोंदली गेली आणि समूहशाळांची कल्पना पुढे आली. या कल्पनेच्या बाजूने म्हणण्यासारखे पुष्कळ आहे. पाच-सात मुलांच्या शाळेत सवंगडी नाहीत, खेळ नाहीत, आणि चार इयत्ता सांभाळणाऱ्या एका शिक्षकाची ओढाताण होते. हार्टोग समितीचे म्हणणेही निराधार नव्हते. परंतु लहान शाळा म्हणजे निकृष्ट शाळा हे समीकरण अनुभवाला उतरत नाही. याच जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडीसारख्या लहानशा वस्तीवरील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही हे खरे. परंतु पट आणि अध्यापन ही दोन भिन्न मापे आहेत, एवढे त्याने निश्चित सिद्ध होते.

मोजण्याची रीत बदलली म्हणजे दिसणारे चित्रही बदलते, याचे एक अलीकडचे उदाहरण ‘असर’ या पाहणीचे आहे. २००५ पासून होत असलेली ही पाहणी शाळेतून नव्हे, घरातून सुरू होते. गावातील घरे निवडून तेथील मुलांना वाचावयास दिले जाते. तिच्यानुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते, ते महामारीनंतर, २०२२ मध्ये, ४२.८ टक्क्यांवर आले. हे आकडे समाधानकारक नाहीत, आणि पट व हजेरी पूर्ण असतानाही इयत्ता, म्हणजे तो ‘एवढेपणा’, रिकामा असू शकतो, हे त्यांवरून कळते. लहान शाळांची बाजू घेणाऱ्यांनीही या वस्तुस्थितीकडे डोळेझाक करू नये. पहिल्या इयत्तेत जे शिकवावयाचे ते शिकविले जात नसेल, तर शाळा जवळ आहे एवढे समर्थन पुरे पडत नाही.

शाळेची दप्तरे ही वस्तीची दप्तरे आहेत, ही गोष्ट अगदी वेगळ्या निमित्ताने २०२३ मध्ये सर्वांच्या लक्षात आली. कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाले तेव्हा जुन्या शाळांची रजिस्टरे, त्यांतील मोडीतील नोंदींसह, बाहेर काढण्यात आली. विद्येची नोंद म्हणून लिहिलेला कागद जातीचा पुरावा ठरला. त्याच रजिस्टरांत कोणत्या वस्तीचे मूल कोणत्या वर्षी आले, कोणत्या महिन्यात गेले आणि परत आले की नाही, हेही लिहिलेले आहे. त्याचा शोध मात्र अद्याप तशा तळमळीने घेतला गेलेला नाही. ग्रामपंचायतीची जन्मनोंद, शाळेचे जनरल रजिस्टर आणि दिवाळीनंतरची हजेरी या तीन वह्या एका वस्तीपुरत्या शेजारी ठेवल्या, तर त्या वस्तीत जन्मलेल्या मुलांपैकी किती शाळेत आली, किती टिकली आणि किती कोठे गेली, याचे उत्तर मिळू शकेल. शाळेच्या कामगिरीचे मोजमाप तेथून सुरू झाले पाहिजे. पट मुलाचे नाव सांगतो. मूल कोठे आहे, हे वस्ती सांगते.

वेळापूरच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची आणि अधिकाऱ्यांची नावे टिकली. त्या काळी गावात किती मुले होती आणि त्यांपैकी किती जणांना तो लेख वाचता येत होता, हे त्यांत लिहिलेले नाही, आणि लिहिण्याची तेव्हा कोणास गरजही वाटली नाही. शेतसाऱ्यावरच्या एका आण्यातून गावशाळेचा खर्च चालू लागला तेव्हापासून ही गरज निर्माण झाली आणि ती अजून पुरी झालेली नाही. वस्तीवरच्या एखाद्या शाळेला कुलूप लावण्यापूर्वी तिचा पट का उतरला याची चौकशी वस्तीत जाऊन करणे, हे त्या एका आण्याचे निदान कर्ज होय.